पावसाळ्यातला सिंधुदुर्ग पण चित्रात येऊ दे

संपादक साहेब, नमस्कार.

मी मालवणचा, सवड मिळेल तेव्हा जलरंगात किल्ला काढत बसतो. 2025 च्या जुलैत सिंधुदुर्ग युनेस्कोच्या यादीत आला, खूप आनंद झाला, पण कॅलेंडर बघा, पोस्टर बघा, नाहीतर शाळेतल्या मुलांची चित्रं बघा, समुद्र सगळीकडे एकच निळा, म्हणजे डिसेंबरातला. किल्ला ज्यावर उभा आहे ते आमचं कुरटे बेट वर्षभर असं नसतं हो.

जून लागला की होड्या वर ओढून माडाच्या झापांनी झाकतात, किल्ल्यावर जाणारी बोट बंद, मग दांडीच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा म्हणून खडक आहे, तिथून बघायचं. पाणी गढूळ झालेलं असतं, नद्यांची माती खाडीतून येते ना, तिथे निळा चालतच नाही, बर्न्ट सिएनात, म्हणजे तांबूस तपकिरी रंगात, थोडा ग्रे घालावा लागतो, आणि फेसाला पांढरा रंग लावायचा नाही, तेवढा कागदच कोरा सोडायचा. हवा इतकी दमट की पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, वाळत नाही, ढगाचा रंग खाली पाण्यात उतरतो, आणि खरं सांगतो, समोर पण तसंच दिसत असतं, आभाळ कुठे संपलं ते कळत नाही. श्रावणात तट शेवाळ नि गवताने हिरवागार, दिवाळीनंतर तेच गवत पिवळं पडतं. मे मध्ये सगळं धुरकट, आणि ब्रश फिरवेपर्यंत कागद कोरडा.

हा नुसता रंगांचा विषय नाही. 1664 ला महाराजांनी या किल्ल्याचं काम सुरू केलं, तेव्हापासून साडेतीनशेहून जास्त पावसाळे त्या तटाने अंगावर घेतलेत. पाया शिसं ओतून का बसवला ते जुलैतली लाट बघितल्याशिवाय कळत नाही, डिसेंबरच्या चित्रात तो तट शोभेचाच वाटतो.

आणि जलरंग आपल्या जिल्ह्याला नवीन आहेत का? म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हातात दिवा घेतलेल्या बाईचं प्रसिद्ध चित्र सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, आणि ते जलरंगातच आहे, बरेच लोक अजून ते राजा रविवर्म्याचं समजतात.

म्हणून विनंती आहे, चित्रकलेच्या स्पर्धा फक्त थंडीत नको, मुलांना एकाच जागेवरून जून, सप्टेंबर, जानेवारी, मे असा किल्ला काढू दे, पावसात शाळेच्या नाहीतर कोणाच्या घराच्या पडवीत बसवा. आणि तुमच्या रविवारच्या पुरवणीत ती चारही चित्रं शेजारी शेजारी, रंगीत छापा.

एक वाचक, मालवण