स्कोनचे पीठ मळू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतली फ्रूट स्कोनची, म्हणजे चहासोबत खायच्या, बेदाणे घातलेल्या, बिनयीस्टच्या छोट्या ब्रिटिश पावांची पाककृती वाचली. परतीच्या पावसात घरी बसून करण्याचा पदार्थ म्हणून आपण ती दिली होती. निवड उत्तम आहे, पण कृतीतल्या तीन सूचना पाळल्या तर स्कोन हमखास बिघडतात. पीठ मऊ मळून घ्यावे, ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवावे आणि १८० अंशांवर अर्धा तास भाजावे, असे त्यात लिहिले आहे. पहिल्या दोन सूचना पोळीच्या कणकेच्या आहेत आणि तिसरी केकची. ज्यांनी तसे करून पाहिले त्यांच्या ताटात चपटे, चिवट गोळे आले असतील आणि आपल्याच हाताला जमले नाही असे त्यांना वाटले असेल. हाताचा दोष नव्हता, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

इंग्लंडमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात. त्यानंतर पावसाच्या दिवशी दुपारी चारलाच दिवा लावावा लागतो. अशा दुपारी स्कोन करणे सोयीचे पडते, कारण यीस्ट फुगण्याची वाट पाहायची नसते आणि केकसारखे फेटत बसायचे नसते. पीठ चाळल्यापासून स्कोन बशीत येईपर्यंत पाऊण तास पुष्कळ झाला. दुसरे कारण कमी लोकांच्या लक्षात येते. त्या दिवसांत तिथले स्वयंपाकघर मुळातच थंड असते आणि स्कोनला तेच हवे असते.

प्रमाण वजनावर घ्यावे. वाटी प्रत्येक घरातली वेगळी, शिवाय दाबून भरलेल्या आणि अलगद भरलेल्या वाटीतल्या मैद्याच्या वजनात चांगलाच फरक पडतो. आठ स्कोनसाठी २२५ ग्रॅम मैदा, ३ सपाट चहाचे चमचे (५ मिलीचे) बेकिंग पावडर, ५५ ग्रॅम बटर, २५ ग्रॅम पिठीसाखर, ७५ ग्रॅम बेदाणे आणि साधारण १५० मिली थंड दूध लागते. बटर बिनमिठाचे असेल तर पाव चमचा मीठ घालावे. आपल्याकडचे पिवळे बटर बहुधा खारे असते, त्याला वेगळे मीठ नको. तीन चमचे बेकिंग पावडर पाहून पुष्कळांना छापण्यातली चूक वाटते आणि ते एकच घालतात. ती चूक नाही. ब्रिटिश पुस्तकांत स्कोनसाठी ‘सेल्फ रेझिंग’ पीठ सांगितलेले असते, त्यात फुगवणारे द्रव्य आधीच मिसळलेले असते. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स यांनी १८४५ मध्ये या पिठाचे पेटंट घेतले. तीच कृती साध्या मैद्यावर उतरवताना हे द्रव्य आपणच घालावे लागते. आपल्या पाककृतीत ते सुटले होते, तिथे नुसताच ‘मैदा’ आणि ‘चिमूटभर सोडा’ होता.

सोड्याबद्दल इथेच सांगतो. नुसता सोडा काम करण्यासाठी आंबटपणा मागतो. ताक वापरणार असाल तर तो चालतो. दूध वापरून वर सोडा वाढवत गेलात तर स्कोन पिवळट होतात आणि तोंडात साबणाची चव राहते. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आम्ल दोन्ही असतात, पण कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात अर्धवट वापरलेला डबा दमट हवेने मरतो. अर्धा चमचा पावडर अर्धी वाटी गरम पाण्यात टाकून पाहा. फसफसून वर आली तर ठीक. दोन-चार बुडबुडे येऊन शांत झाली तर त्या दिवशी स्कोन करू नयेत.

आता हाताचे काम, कारण सगळे यावरच ठरते. शंकरपाळ्यांना किंवा करंजीच्या पारीला आपण कडकडीत मोहन घालतो, ते पिठाला चोळतो आणि मुटका वळतो का ते पाहतो. स्कोनमध्ये याच्या नेमके उलट करायचे. बटर फ्रीजमधून काढलेले, घट्ट, चण्याच्या डाळीएवढे तुकडे केलेले असावे. आपल्या हवेत ते आधी फ्रीजरमध्ये ठेवून जाड किसणीवर किसणे सर्वांत सोपे, स्टीलचे पातेलेही दहा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावे. मैदा, बेकिंग पावडर आणि साखर एकत्र चाळून त्यात बटर टाकावे आणि फक्त बोटांच्या टोकांनी चुरावे. तळवा लावू नये, तळव्याला ऊब फार. हात पातेल्याच्या वर उचलून पीठ बोटांतून खाली सोडत राहिले की त्यात हवाही जाते. मिश्रण जाडसर रव्यासारखे दिसले आणि मधूनमधून बटरचे चपटे कण राहिले की थांबावे. ते कण राहू द्यायचेच असतात. ओव्हनच्या आचेत ते वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तिथे पापुद्रा सुटतो. बटर आधीच वितळून मैद्यात मुरले तर पदार्थ खुसखुशीत होईल, पण त्याची जात नानकटाईची होईल. तूप वापरू नये ते याचसाठी, त्यात पाणीच नसते.

बेदाणे यानंतर घालावेत. ब्रिटिश भट्टीत ‘फ्रूट’ म्हटले की सुकवलेली द्राक्षे समजायची, ताजी फळे नव्हेत. आपल्या पाककृतीतले चिरलेले सफरचंद आणि टुटीफ्रुटी दोन्ही पाणी किंवा पाक सोडतात आणि पीठ त्या जागी कच्चे राहते. तिथे सर्रास वापरतात त्या सुलताना म्हणजे बिनबियांच्या हिरव्या द्राक्षांचे बेदाणे. ही जात आपल्याकडे थॉम्पसन सीडलेस म्हणून ओळखली जाते. तासगाव-सांगलीकडे याच जातीचे आणि तिच्यातून निवडलेल्या वाणांचे बेदाणे होतात, त्यामुळे महाराष्ट्रातल्या वाचकाला परदेशी पाकीट शोधण्याची काहीच गरज नाही. बेदाणे कोरडे खडखडीत असतील तर ते पिठातले दूध शोषतात आणि स्कोन कोरडा लागतो. म्हणून ते पंधरा मिनिटे गरम कोऱ्या चहात भिजवावेत आणि मग फडक्यावर पसरून पूर्ण टिपून घ्यावेत. टिपायला विसरलात तर पिठात ओलसर डाग पडतात.

दूध एकदम ओतावे, पण एक मोठा चमचा हातचा राखून. पावसाळी दिवसांत मैद्याने हवेतला ओलावा घेतलेला असतो, त्यामुळे कोरड्या दिवशी लागणारे दूध त्या दिवशी जास्त होऊ शकते. हात न घालता बोथट सुरीने दहा-बारा वेळा फिरवावे. गोळा होऊ लागला, तळाशी थोडे सुटे पीठ दिसते आहे, वरून खडबडीत आहे, अशा वेळी आपला हात सवयीने मळायला जातो. तिथेच त्याला आवरायचे. मैदा ओला झाल्यावर जितका हाताळाल तितके त्यातले ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारे प्रथिन, जुळून येते. पोळी लांबवर लाटता यावी म्हणून आपण ते मुद्दाम जुळवतो, स्कोनमध्ये मात्र त्यानेच चिवटपणा येतो. पीठ हाताला किंचित चिकटले पाहिजे. चिकटते म्हणून वरून मैदा घालत गेलात तर स्कोन कोरडे होतील, हे शंभर टक्के. आणि झाकून ठेवायचे नाही, कारण ओली झाल्याक्षणी बेकिंग पावडर कामाला लागलेली असते. अर्ध्या तासात तिचा बराच जोर उतरतो आणि बटरही मऊ पडते. उकाड्याने बटर सैल झालेच असेल तर पीठ दहा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही.

ओट्यावर मैदा भुरभुरून गोळा हातानेच थापावा, लाटणे नको. जाडी अडीच सेंटिमीटर, म्हणजे साधारण अंगठ्याच्या पेऱ्याएवढी. इथे पुष्कळ जण कचरतात आणि पुरीसारखे पातळ थापतात. स्कोन जाडीच्या फार तर दुप्पट फुगतो, अर्धा इंच थापलात तर एक इंचाच्या वर जाणार नाही. कापायला धारदार कडेचा साचा हवा. वाटीची कड गोलसर असते, ती पीठ कापत नाही, दाबते, आणि दाबलेली कड चिकटून बसली की स्कोन एका बाजूला कलतो. साचा सरळ खाली दाबून सरळ वर काढावा. पिळून काढला तरी हेच होते. साचा नसेल तर मैदा लावलेल्या सुरीने चौकोन किंवा त्रिकोण कापावेत. त्यात कापटे उरत नाहीत, हा मोठा फायदा. कापटे पुन्हा जुळवून केलेले स्कोन नेहमी थोडे वाकडे आणि चिवट होतात.

बाहेर डोकावणारे बेदाणे बोटाने आत ढकलावेत, नाहीतर ते जळून कडू होतात. वरून दूध किंवा फेटलेले अंडे फक्त माथ्यावर लावावे. ओघळ कडेवर आला की तो डिंकासारखा बसतो आणि त्या बाजूने स्कोन वर येत नाही. ताटलीत ते बोटभर अंतराने, जवळजवळ ठेवावेत.

ओव्हन २२० अंश सेल्सिअसला, आणि पूर्ण तापलेला. छोटा ओटीजी (ओट्यावरचा विजेचा ओव्हन) असेल तर वरची आणि खालची अशा दोन्ही तापणाऱ्या कांड्या चालू ठेवून वीस मिनिटे तापवावा, ताटली मधल्या खाच्यात. वेळ १२ ते १५ मिनिटे. १८० अंशांवर बाहेरचा भाग पक्का होण्याआधीच बटर वितळून बाहेर येते, स्कोन पसरतो आणि रंग येईपर्यंत आतला ओलावा निघून जातो. उलट काही ओटीजींमध्ये वरची कांडी फार जवळ असते. दहा मिनिटांतच माथा तांबूस झाला तर वर फॉइल ठेवावा, पण तापमान उतरवू नये. झाल्याची खूण म्हणजे कडेला मधोमध पडलेली आडवी चीर, आणि उलटा करून टिचकी मारली तर पोकळ आवाज. मायक्रोवेव्हच्या साध्या मोडवर हे होतच नाही, तिथे रंगही येत नाही आणि गार झाल्यावर दगड होतो.

ओव्हन नसलेल्या वाचकांसाठीही मार्ग आहे, आणि तो जुनाच आहे. स्कोन हा शब्द १५१३ च्या स्कॉट लिखाणात सापडतो. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर आणली ती १८४३ च्या सुमारास, म्हणजे तोवर स्कोन आजच्यासारखा उंच फुगत नव्हता. स्कॉटलंडमध्ये तो ‘गर्डल’वर, म्हणजे जाड लोखंडी तव्यावर भाजत. आजही तिथे तव्यावरचे स्कोन करतात. याच पिठाची दीड सेंटिमीटर जाडीची एक भाकर थापावी, चार किंवा सहा त्रिकोण करावेत आणि मंद ते मध्यम आचेवर, तूप न लावलेल्या, किंचित मैदा भुरभुरलेल्या तव्यावर प्रत्येक बाजूने पाच-सहा मिनिटे भाजावेत. आच मोठी ठेवली तर वरून डाग पडतात आणि मध्य कच्चा राहतो.

पाककृतीसोबतच्या चौकटीत जॅम आधी की क्रीम आधी हा वाद दिला होता. डेव्हनमध्ये क्रीम आधी आणि कॉर्नवॉलमध्ये जॅम आधी हे बरोबर, पण त्यांचा वाद मुख्यतः साध्या स्कोनचा. बेदाण्याच्या स्कोनला नुसते बटर पुरते, असे आमचे ठाम मत आहे. क्रीम लावायचेच असेल तर म्हशीच्या दुधाची जाड साय थंड करून चमच्याने हलकी ढवळून घ्या. तिथले क्लॉटेड क्रीमही मंद आचेवर तापवून वर आलेली सायच असते, स्निग्धांश किमान ५५ टक्के. स्कोन सुरीने कापू नये. कडेच्या चिरेवर दोन्ही अंगठे ठेवून उघडला की आतला पापुद्रा दबत नाही.

स्कोन त्याच दिवशीचा. भाजलेले उरले तर दुसऱ्या दिवशी १५० अंशांवर पाच मिनिटे गरम करावेत. जास्तीचे करायचे असतील तर कच्चेच कापून ताटलीत सुटे गोठवावेत आणि मग पिशवीत भरावेत. लागतील तेवढे काढून, वितळू न देता, २२० अंशांच्या ओव्हनमध्ये सरळ घालावेत, तीन-चार मिनिटे जास्त लागतात.

आपला,
एक वाचक, लीड्स (इंग्लंड)