फोटो मोडमध्ये गोळ्या झाडता येत नाहीत

प्रति,
व्यवस्थापन आणि ग्राहक सेवा प्रमुख

विषय: नव्या शूटरचं (बंदुकीने लढायच्या गेमचं) पीसीवरचं अडखळणं, नाकारलेला परतावा आणि आज तुमच्या प्रतिनिधीने सुचवलेला उपाय

तुमच्या सपोर्ट लाइनवरचा फोन आत्ताच ठेवला. हे लिहायला बसले तोवर 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे' असा मेलही येऊन पडला. निराकरण काहीही झालेलं नाही, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

गेम कसा आहे हे तुम्हाला सांगायला नको, तुम्हीच केलाय. काचेचा पूल, बुडालेली वेधशाळा, तिसऱ्या प्रकरणातलं राखेचं वादळ. खोटं कशाला बोलू, दिसायला गेम अप्रतिम आहे. वेधशाळेत पाणी गुडघ्याला लागतं तेव्हा बंदुकीच्या नळीवरून जो ओला उजेड सरकतो, तो ज्याने कुणी केलाय त्याचा पगार वाढवा. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. तो उजेड बघून 'झालं, आता बाकी काही करायची गरज नाही' असं ज्यांनी ठरवलं, त्यांच्याबद्दल आहे.

अडखळण्याबद्दल पुन्हा लिहिते. तुमच्या इंजिनिअरांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण फोनवर कुणालाच कळलेलं नाही. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावर साठ चित्रं, तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. माझ्याकडे आकडा बहुतेक वेळ साठच्या वरच असतो. पण नवा शत्रू पहिल्यांदा दिसला, पहिला स्फोट झाला, नवं दार उघडलं, की एखादीच फ्रेम शंभर-दीडशे मिलिसेकंद रुतून बसते. सरासरीत हे दिसत नाही, म्हणून तुमचे लोक सरासरी विचारतात आणि खूश होतात. मी फ्रेम-टाइमचा आलेख तिकिटाला जोडला होता. त्यावर उत्तर आलं, 'कृपया स्क्रीनशॉट पाठवा'. तो स्क्रीनशॉटच होता.

कन्सोलवर हार्डवेअर ठरलेलं असतं, त्यामुळे शेडर, म्हणजे उजेड-रंग कसे काढायचे हे ग्राफिक्स कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम, आधीच तयार करून गेमबरोबर देता येतात. पीसीवर प्रत्येकाचं ग्राफिक्स कार्ड वेगळं, ते चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, वेगळा, म्हणून ते शेडर ज्याच्या त्याच्या मशीनवरच कंपाइल, म्हणजे तयार, करावे लागतात. मान्य. ड्रायव्हर अपडेट केला की पुन्हा करावे लागतात, तेही मान्य. पण मग सुरुवातीलाच करा आणि सगळे करा. तुमचा 'शेडर तयार होत आहेत' हा पडदा शंभर टक्के भरतो, आणि तरीही काचेच्या पुलावर पहिला मशालधारी आला की गेम गचका खातो. मग इतका वेळ त्या पडद्यावर नेमकं चाललेलं काय असतं?

यावर आधीच्या एका फोनवर सल्ला मिळाला होता की फ्रेम जनरेशन चालू करा. ते तुमच्या 'शिफारस केलेल्या सेटिंग्ज'मध्ये आधीपासून चालूच होतं, मीच शोधून बंद केलं. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली फ्रेम घुसवायची तर पुढची खरी फ्रेम थोडी अडवून धरावी लागते. म्हणजे आकडा फुगतो आणि माउस जड होतो. सावकाश चालीच्या गेममध्ये चालून जाईल, शूटरमध्ये कसं चालेल? ग्राफिक्स कार्ड बनवणारी एएमडीसुद्धा हे तंत्र वापरण्याआधी मूळ वेग निदान ६० हवा असं सांगते. तुम्ही ते कमी ताकदीच्या मशीनवर वेग आणण्यासाठी आधीच चालू करून ठेवलंय. त्यावर चित्र धूसर करणारा मोशन ब्लर, दाणेदार करणारा फिल्म ग्रेन, कडांना रंग फुटल्यासारखा तो इफेक्ट, हेही सगळं चालू. फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे पडद्यावर किती रुंद दिसतं तो कोन, ९० च्या पुढे जात नाही. माउसची हालचाल गुळगुळीत करणाऱ्या माउस स्मूदिंगला बंद करायचं बटणच नाही. पण हिरोच्या हातमोज्याच्या शिवणीचा रंग बदलता येतो. बदलला मी. छान दिसतो.

आता आजचा फोन. जसा झाला तसा लिहिते. तुमच्याकडे रेकॉर्डिंग आहे, ताडून बघा. ('सेवेच्या गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे' हे मला आता तोंडपाठ आहे. रेकॉर्डिंग आहे, गुणवत्ता कुठंय?)

"स्क्रीनवर चित्र येतंय का मॅडम?"

येतंय.

"आवाज?"

तोही येतोय.

"म्हणजे गेम चालतोय."

मी म्हटलं, चालतोय, पण अडकतोय, आणि नेमका लढाईतच अडकतोय. त्यावर, घरात अजून कोणी हा गेम खेळतं का, त्यांनी सेटिंग्ज बदलल्या असतील, असा प्रश्न आला. 'त्यांनी' म्हणजे कुणी, हे मी विचारलं नाही. त्याचा हिशोब पुढे कधीतरी. मग म्हणाले,

"तुम्ही असं करा मॅडम, अडकला की फोटो मोड चालू करा."

फोटो मोड म्हणजे खेळ जागीच थांबवून त्याचं चित्र काढायची सोय. मला वाटलं ही तपासणीतली काही पायरी असेल, मेमरी वगैरे बघायची असेल. पुलावर गेले, मशालधारी आला, गेम अडकला, मी निमूटपणे फोटो मोड चालू केला.

"आता अडकतोय का?"

आता सगळं थांबलेलंच आहे, मी म्हटलं.

"बघा. म्हणजे तुमच्या सिस्टिमला गेम झेपतोय. किती सुंदर दिसतंय बघा ना."

मी बघितलं. माझ्या डोक्यावर उगारलेली मशाल, तिच्या ठिणग्या एकेक मोजाव्यात इतक्या स्वच्छ, मागे काचेत त्याच ठिणग्यांची प्रतिबिंबं. फोटो मोड लावायच्या आधी खालच्या कोपऱ्यात माझं आयुष्य एका रेघेवर आलेलं होतं, ती रेघसुद्धा तुम्ही आता लपवली होती, फोटोत बरी दिसत नाही म्हणून. मी काहीच बोलले नाही. माझं गप्प बसणं त्यांना बहुधा कौतुक वाटलं असावं.

"फिल्टरही आहेत मॅडम."

यावर मी विचारलं, अगदी शांतपणे विचारलं, की फोटो मोडमध्ये गोळ्या झाडता येतात का. वाटलं होतं, आता तरी कळेल. पलीकडे कीबोर्डचा आवाज. "तपासून सांगतो." मग होल्ड. होल्डवर तुमच्याच गेमचं संगीत, तेही न अडखळता. बऱ्याच वेळाने परत आले.

"सध्या ते फीचर उपलब्ध नाही. पण तुमचा फीडबॅक मी डेव्हलपमेंट टीमला कळवला आहे. अजून काही मदत करू का?"

म्हणजे या घडीला तुमच्या यादीत माझ्या नावावर 'फोटो मोडमध्ये गोळीबार हवा' अशी मागणी नोंदलेली आहे, आणि माझी खरी तक्रार निकालात निघालेली आहे. ती मागणी रद्द करा. उद्या खरंच ते फीचर आलं आणि खाली माझं नाव निघालं तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्या समोर एक कागद असणार, कागदावर 'चित्र येते का' असा पहिला प्रश्न असणार. तो कागद तुम्ही लिहिलात.

परताव्याचंही तेच. खरेदीपासून १४ दिवस आणि खेळण्याची वेळ २ तासांच्या आत, ही स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाची अट सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही स्वतःच्या लाँचरवर, म्हणजे गेम घ्यायच्या आणि सुरू करायच्या ॲपवर, तीच उचललीत, हरकत नाही. पण तुमचा शेडरचा पडदा गेमच्या आत आहे, त्यामुळे तो भरेपर्यंतचा वेळ 'खेळण्यात' धरला जातो. त्यात मधेच ड्रायव्हर अपडेट झाला की पुन्हा पहिल्यापासून. तुमच्याच ट्रबलशूटिंगच्या पानावर पहिली सूचना काय आहे? ड्रायव्हर अपडेट करा! तुमचं ऐकून मी घड्याळ पळवत बसले, आणि परतावा मागितला तर उत्तर, 'आपण गेमचा पुरेसा अनुभव घेतला आहे'. मी पट्टी भरताना बघण्याचा अनुभव घेतला आहे. तो पुरेसा झाला, याबद्दल वाद नाही.

समजा उद्या अडखळणं थांबलं. तरी एक गोष्ट उरते आणि ती मला जास्त खुपते. या गेममध्ये शत्रू दिसत नाही. राखेच्या वादळात नारिंगी आकाश, नारिंगी ठिणग्या आणि नारिंगी चिलखतातले शिपाई. वर दर गोळीला धूर, धुळीचे लोट आणि उजेडाचा भपका. मी कुणाला मारलं हे मला कोपऱ्यातल्या गुणांवरून कळतं. २००७ साली टीम फोर्ट्रेस २ हा शूटर करताना वाल्व कंपनीच्या लोकांनी प्रत्येक पात्राची बाह्याकृती अशी घडवली की दुरून नुसती सावली दिसली तरी समोर कोण आहे ते ओळखू यावं. २०१६ च्या डूम या शूटरमध्ये शत्रू डळमळला की आधी निळा चमकतो, जवळ गेलात की नारिंगी. एवढ्या धुमश्चक्रीतही हात आपोआप योग्य ठिकाणी जातो. आणि तो गेम त्या वेळच्या कन्सोलवर ६० फ्रेमचं लक्ष्य ठेवून चालायचा, गर्दी झाली तर रिझोल्यूशन खाली आणायचा, पण वेग सांभाळायचा. त्यांनी चित्र सोडलं आणि नेम राखला. तुम्ही नेमकं उलट केलंत, आणि वर पाठीवर 'शूटर' लिहिलंत.

उत्तरात कुणीतरी २००७ च्या क्रायसिस या शूटरचं नाव काढणार, म्हणून आधीच सांगते. हो, तो गेम त्या काळच्या महागड्या मशीनलाही रडवायचा. पण तो सेटिंग खाली आणल्या की हलका तरी व्हायचा. तुमच्या गेममध्ये 'अल्ट्रा'वरून 'लो'वर आले, तर झाडं गेली, सावल्या गेल्या, पाण्यातला तो उजेडही गेला. गचका तेवढा जसाच्या तसा राहिला. अडखळणं शेडरचं असेल तर 'लो' करून काय होणार? हे मी प्रत्येक फोनवर सांगितलं आणि प्रत्येक फोनवर मला पुन्हा 'लो' करायला सांगितलं.

हे सगळं एखाद्या नवख्या स्टुडिओने केलं असतं तर मी दोन ओळींचा रिव्ह्यू लिहून सोडून दिलं असतं. तुमचे आधीचे शूटर मी पुन्हा पुन्हा खेळले आहेत. ते दिसायला ओबडधोबड होते, भिंतीवरचं एकच चित्र दहा खोल्यांत असायचं, पण ट्रिगर दाबला की गोळी त्याच क्षणी सुटायची. त्या भरवशावर मी हा गेम ट्रेलर बघूनच घेतला, पुढे येणाऱ्या जादा भागांच्या एक्स्पान्शन पाससकट. तो भरवसा संपला. एक्स्पान्शन पास मी आजच रद्द करायला टाकला आहे, आणि तिथेही 'जाण्याआधी हे सुंदर वॉलपेपर घेऊन जा' असं आलं.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते, म्हणजे पुन्हा फीडबॅक होणार नाही. शेडरचा वेळ खेळण्याच्या वेळेतून वगळा आणि माझे पैसे परत करा. ते करायचं नसेल, तर पीसीवरचं अडखळणं हा दोष आहे एवढं लेखी कबूल करा आणि पॅच कधी येणार त्याची तारीख द्या. 'लवकरच' ही तारीख नाही. डिसेंबर २०२० मध्ये सोनीने सायबरपंक २०७७ हा गेम प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला आणि लोकांना पैसे परत केले, हे तुमच्या बैठकांमध्ये कुणाला तरी आठवत असेलच. नसेल तर आठवण करून द्या. दोन्हींतलं काही झालं नाही, तर मी बँकेकडे या व्यवहाराला हरकत घेईन, आणि फ्रेम-टाइमचे आलेख आणि फोनवरचं बोलणं जसंच्या तसं, फिल्टरसकट, रिव्ह्यूमध्ये टाकीन.

मला फोन करू नका. जे सांगायचं ते लेखी सांगा. आणि निराकरण कसं वाटलं, पाचपैकी किती तारे, असं विचारणारा जो मेल आत्ता, हे पत्र संपवताना आलाय, तो निदान या तिकिटापुरता तरी थांबवा.

आपली ग्राहक,
तिकीट अजून उघडंच आहे असं समजून चालणारी