ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी

चि. सायली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी सावकाश वाचली. व्हिडिओ एडिटिंगच्या संगणकासाठी ठरवलेल्या पैशांतला निम्म्याहून अधिक भाग तू एकट्या ग्राफिक्स कार्डावर लावला आहेस आणि रॅम मात्र ८ जीबीच ठेवली आहेस, तेवढ्यासाठी हे पत्र. हीच चूक मी करून बसले होते. नवे कार्ड बसवूनही टाइमलाइनवर क्लिप ओढताना चित्र पूर्वीइतकेच अडखळत होते. शेवटी टास्क मॅनेजर उघडला, तेव्हा रॅम ९७ टक्के भरलेली दिसली आणि कार्ड जवळजवळ रिकामे बसलेले.

मोबाइलवरचे चित्रण एच.२६४ किंवा एचईव्हीसी पद्धतीने आवळलेले असते. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते; बहुतेक फ्रेममध्ये इतर फ्रेमच्या तुलनेत काय बदलले एवढीच नोंद असते, त्यामुळे मधल्या एखाद्या फ्रेमवर थांबायचे म्हटले तरी संगणकाला आधीच्या कित्येक फ्रेम उलगडाव्या लागतात. इंटेलच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सला जोडून येणारी क्विक सिंक ही चित्रण उलगडणारी यंत्रणा हे काम चांगले करते. मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ती मिळत नाही, आणि थोडा स्वस्त दिसला म्हणून तू नेमका तोच निवडला आहेस. तो आधी बदल.

रॅम १६ जीबीपेक्षा कमी नको, फोर-के करणार असशील तर ३२. तीही दोन सारख्या पट्ट्यांत घे.

फाइली साठवायला सर्वांत वेगवान एसएसडीचा तुझा आग्रह मला पटला नाही. सेकंदाला १०० मेगाबिटचे चित्रण म्हणजे साडेबारा मेगाबाइट, तासाला सुमारे ४५ जीबी. साटा या जुन्या जोडणीची साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० मेगाबाइटच्या आसपास वाचते. तेव्हा वेगापेक्षा जागा पाहा, आणि वाचलेल्या पैशांत मूळ चित्रणाची दुसरी प्रत ठेवायला एक हार्ड डिस्क घे.

एवढ्यावरही फोर-के अडखळले, तर प्रॉक्सी, म्हणजे चित्रणाच्या हलक्या प्रती, तयार कर. कापाकापी त्या प्रतींवर होते आणि अंतिम फाइल मूळ चित्रणातूनच निघते. माझा जुना लॅपटॉप अजून याच जोरावर चालला आहे.

कार्डाला माझा विरोध नाही, नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणे) आणि कलर ग्रेडिंग (रंग जुळवणे) यांत ते खरोखर राबते. पण ते नंतरही घेता येईल. पॉवर सप्लाय मात्र आत्ताच थोड्या जास्त वॅटचा घे, म्हणजे तेव्हा तो बदलावा लागणार नाही. सुधारलेली यादी पाठव, ऑर्डर देण्यापूर्वी एकदा नजरेखालून घालते.

तुझी,
आई