ड्रोन आमच्या वावरावरही आणा, पण लाइन सुरू असताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजेच्या तारांची ड्रोनने तपासणी सुरू झाल्याची बातमी कालच्या अंकात वाचली. सोबतचा फोटो उंच मनोऱ्याचा आहे. माणूस वर न चढवता, लाइन बंद न करता इन्सुलेटरचा तडा खालूनच दिसत असेल तर चांगलेच आहे, त्यात लाइनमनचा जीव वाचतो. पण यामुळे खेड्यांतले वीज अपघात टळतील, असे मथळ्यात म्हटले आहे. ते वाचल्यापासून चित्त थाऱ्यावर नाही. आमच्या गावात जनावर मेले ते मनोऱ्याखाली नाही. डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, विहिरीवरच्या मोटरीपर्यंत जाणाऱ्या तारांखाली मेले.

मागच्या वर्षी पोळ्याला नऊ दिवस होते. परहाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, बैलजोडीने डवरणीचा फेर चालू होता, रात्रभर पाऊस पडून गेलेला. धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, तार तुटून गवतात पडली होती, ती गड्याला दिसली नाही. आमच्या गवळाऊ जोडीतला चांद्या जागच्या जागी कोसळला. जोते तुटले म्हणून दुसरा बैल वाचला, गडी मागे होता म्हणून तो वाचला. नंतर एका जाणकाराने सांगितले की बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फुटांचे अंतर असते, ओल्या जमिनीत पसरलेला करंट एका पायातून चढतो आणि छातीतून दुसऱ्या पायात उतरतो. त्यामुळे माणूस वाचतो तिथे जनावर मरते. त्या पोळ्याला तोरणाखाली आमचा एकच बैल उभा होता. माझ्या आईने त्याला ओवाळले आणि रिकाम्या बाजूलाही ओवाळले.

ती तार अचानक तुटली नव्हती. तिला एकाच गाळ्यात, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, तीन जोड होते आणि मधल्या जोडावर रात्री ठिणग्या पडताना मी स्वतः पाहिल्या होत्या. जूनमध्येच वीज कार्यालयात लेखी अर्ज दिला होता, त्याची शिक्का मारलेली पोच माझ्याजवळ आहे. त्या कार्यालयातून कोणी पाहायलासुद्धा आले नाही. म्हणजे दोष दिसला नाही म्हणून चांद्या गेला असे नाही. दोष दिसला होता, कळवला होता, कागदावर होता. ड्रोनचे फोटोही त्याच टेबलावर जाणार असतील तर काय बदलणार, याचे उत्तर बातमीत कुठेच नाही.

आणखी एक. तार जमिनीवर पडल्यावर फ्यूज उडायला हवा होता. तो उडला नाही, कारण डीपीच्या पेटीत फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली होती. फ्यूज वेळेवर मिळत नाही, पीक वाळते, मग कोणीतरी तार गुंडाळतो. यात आम्ही गावकरीही दोषी आहोत, मी ते नाकारत नाही. पण बंद पेटीतली ती तार वरून उडणाऱ्या कॅमेऱ्याला दिसणार नाही. त्यासाठी माणसालाच पेटी उघडावी लागेल.

काळ्या मातीत खांब रोवताना खाली गिट्टी-सिमेंट भरले नाही तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन-तीन वर्षांत खांब कलतो. खांब कलला की तारा लोंबतात. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे रस्ता सोडून इतर जागी, म्हणजे वावरातही, ११ केव्हीपर्यंतची (११ हजार व्होल्टपर्यंतची) उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटर हवी, म्हणजे १५ फूट. आमच्याकडे कापसाने भरलेली बंडी नेताना वर बसलेल्याला आडवे व्हावे लागते. हे मोजायला ड्रोन जरूर आणा. या कामाला तो खरोखर उपयोगी आहे.

मात्र एक गोष्ट संबंधितांनी लक्षात घ्यावी. सैल जोड तापतो तो त्यातून वीज वाहत असतानाच. उष्णता टिपणारा कॅमेरा बंद लाइनवरून फिरवला तर सगळे जोड सारखेच दिसतात. आमच्या फिडरला, म्हणजे आमच्या शेतीपंपांच्या वीजवाहिनीला, आठवड्यातले निम्मे दिवस वीज रात्री मिळते. ड्रोन दिवसा दहा वाजता येईल, लाइन बंद असेल आणि कागदावर लिहिले जाईल की दोष आढळला नाही. रात्री दोनला मोटर सुरू करायला बॅटरी घेऊन आम्ही त्याच तारांखालून चालतो. बॅटरीचा उजेड पायाखाली ठेवायचा, साप असतो, रानडुक्कर असते. वरची तार कोण पाहणार? शेतीला दिवसा वीज मिळावी ही मागणी किती वर्षांची आहे ते आपल्या वृत्तपत्राला ठाऊक आहे. त्यावर पूर्वी आपण सलग लिहायचे, अलीकडे ते थांबले आहे.

तपासणी करायचीच तर मृगाच्या आधी करा, पंप सुरू असताना करा आणि कोणत्या खांबावर काय सापडले, दुरुस्ती कोणत्या तारखेला झाली, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. आमच्या धुऱ्यावरची तार अपघातानंतर जोडून दिली आहे. नवीन टाकली नाही. त्याच गाळ्यात आता चार जोड आहेत, परवाच मोजले. गट क्रमांक आणि जूनच्या अर्जाची प्रत या पत्रासोबत पाठवत आहे, ती छापू नये, पण कृपया वार्ताहराला द्यावी.

आपला,
एक शेतकरी वाचक, वर्धा जिल्हा