फिटरच्या परीक्षेत छिन्नी-कानशीचा जॉब हवा

माननीय संपादक,

आयटीआयमध्ये नवनवे अभ्यासक्रम येत असल्याच्या बातम्या आपल्या अंकात वाचतो. ते यायलाच हवेत. पण जुन्या फिटर ट्रेडकडे कोणी बघत नाही, म्हणून हे पत्र. मी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालो. शिकाऊ पोरे माझ्या हाताखाली असत. 6 एमएम जाडीची लोखंडी प्लेट पुढ्यात टाकून "यात 100 एमएमचे भोक पाड" म्हटले, की पहिला प्रश्न यायचा, "काका, गॅस कटर कुठाय?" नाही म्हटले, की हात ग्राइंडरकडे.

गॅस प्रत्येक ठिकाणी चालत नाही. प्लेटच्या मागे रबराचे अस्तर असते, केबली असतात. पातळ पत्रा गॅसने वाकडा होतो. आणि ग्राइंडरचे चाक सरळ रेषेत कापण्यासाठी असते. गोलाईत ते जबरदस्तीने फिरवले तर अडकते आणि फुटते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11 हजारांच्या आसपास फेरे घेतो, हे पोरांना कोणी सांगतच नाही. अशा चाकाचा तुकडा एका मुलाच्या भुवईत घुसलेला मी पाहिला आहे. गॉगल होता म्हणून डोळा वाचला.

हाताने हे काम नीट होते. प्लेट घासून चकचकीत करायची आणि मोरचुदाचे पाणी फिरवायचे. तांब्याचा लालसर थर चढतो, त्यावर कंपासची रेघ स्वच्छ उठते. 100 एमएमचे वर्तुळ काढून त्या रेघेवर हलक्या हाताने डॉट पंच मारत, म्हणजे टोकदार पंचाने बारीक ठिपके उठवत जायचे. मग आत, ओळीने भोके पाडण्यासाठी, 93 एमएमचे दुसरे वर्तुळ. ड्रिल 6 एमएमचे, शिवाय कानशीसाठी कडेला अर्धा एमएम राखायचा, म्हणून 93. त्याचा परीघ 292 एमएम भरतो. कंपास साडेसहा एमएमवर धरून चालवला की 45 भोकांच्या खुणा बसतात. शेवटची खूण पहिलीला जुळली नाही, तर कंपास किंचित हलवून पुन्हा फिरायचे. इथे घाई करणाऱ्याचे पुढचे सगळे बिघडते. दोन भोकांमध्ये अर्ध्या एमएमची भिंत उरली पाहिजे. ती नसेल तर ड्रिल शेजारच्या भोकात घसरून मोडते. आधी 3 एमएमचे ड्रिल मारून घ्यावे, म्हणजे 6चे भरकटत नाही.

मग वेब छिन्नीने त्या भिंती तोडायच्या, खाली लोखंडी ठोकळा ठेवून, दोन्ही बाजूंनी. मधली चकती सुटली की अर्धगोल कानस. तिची गोलाई भोकापेक्षा लहान हवी. पुढे रेटताना ती बाजूलाही सरकवत न्यायची, नाहीतर काठ सपाट-सपाट पडतो. काम पुरे झाले कधी म्हणायचे? प्रत्येक डॉटचा अर्धा भाग काठावर दिसू लागला की. त्या अर्ध्या डॉटांवर बोट फिरवून मी पोरांचा जॉब, म्हणजे हाताने केलेले काम, तपासत असे.

ओळीने भोके पाडून तुकडा काढण्याची ही रीत चेन ड्रिलिंग या नावाने फिटरच्या पुस्तकात आहे. थिअरीची परीक्षा आता संगणकावर होते, त्यात यावर प्रश्न आला तर पोरे बरोबर पर्याय निवडतातही. पण माझ्याकडे आलेल्या बहुतेकांनी छिन्नी धड धरलेली नव्हती. धार गेलेल्या कानशीवर शिकल्याचे ते सांगत, आणि तसल्या कानशीवर हात कधीच बसत नाही.

राज्यात 400हून अधिक शासकीय आयटीआय आहेत. फिटरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत गोल भोकाचा एक जॉब सक्तीचा करावा, तोही ग्राइंडरला हात न लावता. प्रत्येक मुलाला स्वतःची नवी कानस मिळावी. शिकाऊ उमेदवार घेणाऱ्या कारखान्यांनीही त्यांना झाडलोट आणि सामान वाहण्यात न गुंतवता पहिल्या महिन्यांत हे काम द्यावे. 1961चा शिकाऊ उमेदवार कायदा शिकवण्यासाठीच आहे.

आमच्या भागात माझ्यासारखे निवृत्त फिटर पुष्कळ आहेत. प्राचार्यांनी बोलावले तर आम्ही शनिवारी येऊन शिकवू, मानधन नको. छिन्न्या आमच्या आम्ही आणू. प्लेटचे तुकडे तेवढे संस्थेने द्यावेत.

– एक निवृत्त फिटर, कराड