लिनक्सच्या वायफायची निगा राखणाऱ्या योहानेस बर्ग यांना

आदरणीय बर्ग साहेब,

स. न. वि. वि.

लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, वायफाय विभागातील सुरक्षेचे पाच दोष १३ ऑक्टोबर २०२२ रोजी जाहीर झाले, तेव्हा त्यांवरच्या दुरुस्त्याही सोबतच हाती आल्या. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील लिनक्सचे संगणक ज्याच्या गळ्यात आहेत अशा माणसाला याचे मोल काय वाटते, हे आपल्या कानी घालावे म्हणून हे पत्र.

वायफायचा राउटर आपण इथे आहोत हे सांगायला सतत जो संदेश सोडतो तो बीकन. अशा एकाच बीकनमधून अनेक नेटवर्कांची नावे वाचण्याची सोय २०१९ मध्ये ५.१ आवृत्तीत आली आणि तिच्याबरोबर यांतला सर्वांत गाजलेला दोषही आला. बीकन ऐकायला ना पासवर्ड लागतो ना जोडणी. लॅपटॉप नुसता आसपासची नेटवर्के शोधत असला, तरी टप्प्यात बसलेला कुणीही मुद्दाम बनवलेली फ्रेम (हवेतून जाणारा असा एक संदेश) पाठवून त्याच्या मेमरीत ढवळाढवळ करू शकत होता.

त्या दोषाची प्रोग्राममधली ओळ मी वाचली. बीकनमधल्या एका घटकाच्या लांबीत दोन मिळवायचे आणि बेरीज आठ बिटांत, म्हणजे २५५ पर्यंतचाच आकडा मावेल अशा जागेत, ठेवायची. लांबी २५५ असली की २५७ ऐवजी १ उरतो, आणि पुढची कॉपी राखलेल्या जागेबाहेर २५६ बाइट जास्त लिहून जाते. ती बेरीज ज्यात ठेवायची त्या व्हेरिएबलचा प्रकार आपण बदलून मोठा केलात, एवढेच. पण दुरुस्तीसोबतच्या टिपणात, ही ओळ दिसायला ठीकच वाटते असे आधी मान्य करून मग ती कुठे फसते ते आपण समजावलेत. मूळ लिहिणाऱ्यावर खापर फोडले नाहीत. त्याखाली जर्मनीतील डार्मस्टाटच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकाचे नाव दोनदा आहे, एकदा दोष कळवणारा म्हणून आणि एकदा दुरुस्ती तपासणारा म्हणून. मला सर्वांत भावले ते हे. आलेली तक्रार मिटवून मोकळे होता आले असते, परंतु आपण दोघांनी तोच भाग पुन्हा धुंडाळलात आणि म्हणूनच एकाचे पाच झाले.

आमच्या वसतिगृहातील राउटर ज्या कंपनीचे आहेत, तिला मी पूर्वी एक वेगळा दोष सविस्तर कळवला होता. पेटी बंद करून पुन्हा चालू करावी, असे उत्तर आले. पुन्हा लिहिले तेव्हा हमीची मुदत संपल्याचे कळवण्यात आले. दोष दाखवणारा म्हणजे भांडायला आलेला माणूस, असा तिथला समज असावा. (विक्री विभागाचा फोन मात्र न चुकता येतो.) त्यामुळे चूक दाखवणाऱ्याला शेजारी बसवून घेणारे लोक अजून आहेत, याचे मला अप्रूप वाटते.

यंदा सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना ओव्हरफ्लोसाठी, म्हणजे आकडा जागेत न मावण्याच्या या चुकीसाठी, मी आपले टिपणच वाचायला दिले. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मी दोष कळवला तर माझेही नाव असे लिहितील का?" आपल्या भरवशावर मी हो म्हणून बसलो आहे.

आपला कृतज्ञ,
एक प्रयोगशाळा सांभाळणारा शिक्षक