रोटोरुआतल्या त्या अनोळखी मंडळींना थँक्यू!

न्यूझीलंडला ताईकडे गेलो होतो, तेव्हा आईला घेऊन रोटोरुआजवळ फाकारेवारेवा या माओरी लोकांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, गावात गेलो. नाटकाचा सेट वगैरे नाही हं, लोक खरंच राहतात तिथे, १८८६ ला तारावेरा ज्वालामुखी फुटला आणि घरंदारं राखेखाली गेली, त्यातली तुहोउरांगी या माओरी जमातीची मंडळी इथे येऊन वसली.

पहिलं थँक्यू गाईड मावशींना. आईचे गुडघे बघून त्यांनी न सांगता अख्ख्या ग्रुपचा स्पीड कमी केला, आणि निघताना होंगी केली, म्हणजे कपाळाला कपाळ नाकाला नाक, आई आधी बावरली आणि मग सरळ वाकून नमस्कारच करायला लागली, त्यांनी हसत हसत तिला वरच्यावर धरलं 😄

दुसरं त्या कणीसवाल्या काकांना. तिथल्या नैसर्गिक उकळत्या पाण्याच्या कुंडात कापडी पिशवीतून कणसं सोडतात, गॅस नाही की काही नाही. आई बटर नको म्हणाली तर काकांनी तिच्यासाठी बिनबटरचं वेगळं काढून दिलं, वर पैसे घेईनात, शेवटी मी जबरदस्तीने दिले. लिंबू-तिखट तेवढं मिस केलं राव.

आणि पुलावर पाऊस आला तेव्हा आईवर छत्री धरून स्वतः भिजलेला तो पोरगा, त्याचं तर नावही विचारायचं राहिलं. मनापासून आभार रे बाबा. माओरीत 'किया ओरा'ने आभारही मानतात म्हणे, तर तुम्हा सगळ्यांना किया ओरा!